सांडोरची छपरं आणि सिलिकॉनचं लफडं

रविवारची मिस्सा सुटली की वसईच्या सांडोरात पूर्वी कशा छान गोष्टी कानावर यायच्या! कोणाच्या पोरीचं जमलं, कोणाच्या वाडीची वाटणी फिसकटली. आता? भर चर्चच्या आवारात बायका एकमेकींना विचारतात, "तुमचं किती किलोवॅटचं?" आणि उत्तर "दोन" आलं की विचारणारीच्या चेहऱ्यावर अशी काही दया दाटते, की बघवत नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये छपरावर सोलर पॅनेल बसवायची पीएम सूर्यघर योजना आली आणि लोकांनी लाजच सोडली. पहिल्या दोन किलोवॅटना 30-30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, एकूण 78 हजारांचं अनुदान. त्यापुढे सरकार छदाम वाढवत नाही. मग काय, घरात दोन पंखे नि एक मिक्सर असलेल्यांनाही नेमकी तीनचीच गरज पडली! ज्या उन्हात राजेळी केळ्यांची सुकेळी व्हायची, त्याला आता महावितरणचा मीटर लागला.

एका घरी तर माडावरून जुंपली. शेजाऱ्याची झावळी दुपारी पॅनेलवर सावली धरते. आतले सेल एकामागोमाग जोडलेले. एक झाकला की अख्ख्या ओळीचा प्रवाह आवळतो. बायपास डायोड असतो म्हणून थोडक्यात निभावतं. पण म्हणून माड तोडायची भाषा? वसईत?

खरं लफडं तर काचेखाली चाललंय. 1954 साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये चॅपिन, फुलर, पिअरसन या तिघांनी सिलिकॉनचा सेल दाखवला, तेव्हा उन्हातली जेमतेम 6 टक्के ऊर्जा विजेत उतरायची. आज बाजारातलं टॉपकॉन पॅनेल 22 च्या आसपास देतं. सेलच्या पाठीला ऑक्साइडचा नॅनोमीटरभर पापुद्रा, त्यावर सिलिकॉनचा पातळ थर, म्हणजे सुटलेले इलेक्ट्रॉन धातूजवळ वाया जात नाहीत. गावात हे कोणाला ठाऊक नाही, पण "आमचं टॉपकॉन हो!" ऐकलं की जुन्या पद्धतीचे मोनो-पर्कवाले मान खाली घालतात.

एकट्या सिलिकॉनची मजल फार तर 29.4 टक्के. प्रयोगशाळेत 27 ओलांडून झालेत. आता काय उरलं म्हणावं, तर साठी उलटल्यावर सिलिकॉनबाईंनी जोडीदार केला, पेरोव्हस्काइट! वर बसून तो निळा-हिरवा प्रकाश खातो, खाली बाई तांबडा आणि अवरक्त. दोघं मिळून 34 टक्क्यांच्या पुढे! पवईच्या आयआयटीतही या जोडीवर संशोधन चालू आहे. म्हणजे चाळे आपल्या मुंबईतसुद्धा. नवरदेव मात्र नाजूक. दमट हवेत नि उष्णतेत खंगतात. बाईंवर कंपन्या 25 वर्षांची हमी देतात. यांनी आधी सांडोरचा एखादा जुलै काढून दाखवावा.

तरी एक गृहस्थ सांगत फिरताहेत, "जोड सेल स्वस्त झाले की मगच बसवीन." थांबा हो, खुशाल थांबा. तुमच्या बायकोनं शेजारणीकडून अनुदानाचा अर्ज कसा भरायचा ते कधीच विचारून घेतलंय, एवढं मात्र तुमच्या कानावर आलेलं दिसत नाही.