सदनिकेत परंपरा बसविण्याची रीत

सर्वप्रथम घरात जे जे पारंपरिक असेल ते काढून टाकावे. ही पायरी गाळून पुढे गेलेल्यांची फार फसगत होते, कारण खरी जुनी वस्तू नव्या सोफ्याशेजारी नुसती जुनी दिसते. आमच्याकडे हे काम आईने फार पूर्वीच उरकले होते. पितळेच्या दोन कळशा देऊन तिने स्टीलच्या डब्यांचा सेट घेतला आणि भांडेवालीशी तासभर घासाघीस करून वर एक चहाची गाळणी मिळवली. (गाळणी अजून आहे.) यानंतर मध्ये तीसेक वर्षे जाऊ द्यावीत, मग तशीच कळशी चांगल्या दुकानातून आणावी. तिला आता व्हाज म्हणतात. तांब्याचा बंबही मिळतो, त्यात बल्ब असतो.

“मग पाणी कुठं तापवायचं?” असे आईने दुकानात मोठ्याने विचारले होते. खरेदीला शक्यतो एकट्याने जावे.

पुण्यात राहत असाल तर तांब्यासाठी कसब्यातल्या तांबट आळीत जावे. तिथे भांड्यावर हातोडीने एकाशेजारी एक ठोके देऊन ठिपक्यांच्या ओळी उठवतात, त्याला मठारकाम म्हणतात. ठोकल्याने तांबे कडक होते आणि भांड्याला सहजासहजी पोचा येत नाही. म्हणजे ज्याला आपण नक्षी म्हणून दाद देतो ती मुळात मजबुतीची सोय. मशीनवर छापलेले ठिपकेही बाजारात मिळतात आणि ते अगदी एकसारखे असतात. हाताच्या कामात ओळ कुठेतरी किंचित हललेली दिसते. त्या ठिकाणी चहा आला असावा, असा माझा अंदाज आहे. ती हललेली जागा पाहुण्यांच्या बाजूला येईल असे भांडे ठेवावे.

आतून कल्हई आहे का, हे मात्र विचारून घ्यावे. आम्ही विचारले नाही. मेव्हणे जेवायला आले तेव्हा मठारलेल्या जगमध्ये तासभर आधी ताक भरून ठेवले, दिसायला फारच सुरेख दिसत होते. मेव्हण्यांनी पहिला घोट घेतला, थोडा वेळ तोंडात धरला आणि ताकाला कसला वेगळा मसाला लावला आहे का, असे अत्यंत सभ्यपणे विचारले. आतून आईचा आवाज आला, “कळकलंय ते! बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवतं का कुणी?” ‘कळकणे’ हे क्रियापद आमच्या मुलीने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले, तेवढे मराठीचे संवर्धन झाले. तोंडाची चव जावी म्हणून मेव्हण्यांनी समोरच्या टोपलीतले केळे उचलले. ते सावंतवाडीच्या चितार आळीतले होते, लाकडाचे. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

सावंतवाडीला गेलातच तर गंजिफाही आणावी. गोल पत्ते, हाताने रंगवलेले; दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी १२, असे १२० पत्ते असतात. त्यातले बारा निवडून एका चौकटीत लावावेत, असा डिझायनरबाईंचा सल्ला होता. उरलेले १०८ कुठे ठेवायचे ते त्यांनी सांगितले नाही. ते खणात गेले, खणातून मुलीच्या हाती लागले आणि सुट्टीभर ती आजीबरोबर त्यांनी नॉट ॲट होम खेळत होती. मत्स्यावतार भिंतीवर असल्यामुळे डाव कधीच पुरा होत नसे. शेवटी दोघींनी मिळून काच उघडली.

वारली चित्राशिवाय हल्ली घराला ताबाच मिळत नाही म्हणतात. मूळची रीत अशी की लग्नघरात गेरू-शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते, आणि चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. पुढे १९७० च्या दशकात डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रे कागदावर नेली, जगभर पोचवली; त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आमच्याकडे ती स्टिकरवर आली. गेरूचा प्रश्नच नव्हता, भिंतीला पुट्टी आणि वर धुता येणारा रंग. तारप्याच्या नाचाची गोल नागमोडी रांग टीव्हीच्या मागून निघते आणि टीव्हीमागेच नाहीशी होते. तारपा वाजवणाऱ्याच्या पाठीत स्विचबोर्ड आहे. पंखा तिथूनच लावावा लागतो. घरात लग्नाचे कुणी नाही, हे शेजारणीला अजून पटलेले नाही.

सोलापुरी चादरीला थ्रो म्हणावे आणि ती सोफ्यावर अशी टाकावी की जणू कुणीतरी घाईघाईने उठून गेले आहे. आमच्याकडे ती दर अर्ध्या तासाने कुणीतरी घडी करून ठेवते. कोण ते सांगायला नको.

बिदरीबाबत मात्र विशेष खबरदारी हवी. जस्तात थोडे तांबे घालून ओतलेल्या भांड्यावर नक्षी कोरतात, कोरलेल्या खाचांत चांदीची तार नाहीतर पत्रा ठोकून बसवतात, आणि अगदी शेवटी बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर कालवून तिचा हात देतात. त्या मातीने जस्त काळेभोर होते आणि चांदी मात्र जशीच्या तशी राहते. म्हणजे पाहायला गेले तर निम्मे पैसे त्या काळ्या रंगाचे. अशी एक सुरई आम्ही बिदरहून मांडीवर धरून आणली. वरून खोबरेल तेलाचे बोट फिरवायचे, बाकी काही करायचे नाही, असे कारागिराने बजावले होते. ते आम्हाला बजावले होते, मावशींना नव्हे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मावशींनी चिंच, मीठ आणि तारेची घासणी घेऊन सुरईला धरले. मी ऑफिसातून आलो तेव्हा ती ओट्यावर उपडी घातलेली होती, राखाडी, आणि तिच्यावरची चांदीची वेल कुठे सुरू होते ते उजेडाकडे धरल्याशिवाय कळत नव्हते.

“किती राप चढला होता, ताई,” मावशी सौभाग्यवतींना म्हणाल्या, “घराकडे लक्षच नाही बघा तुमचं.” त्यांच्या चेहऱ्यावर इतके समाधान होते की आम्ही दिवाळीची बक्षिसी त्याच दिवशी देऊन टाकली. तेव्हा बिदरी आणण्यापूर्वी मावशींबरोबर निदान एक बैठक घ्यावी. काळे हे मुद्दाम केलेले असते, हे समजावताना आपल्याला ते आधी नीट पटलेले असावे. माझा आवाज मध्येच डळमळला.

राहता राहिली गोधडी. मोडीत जाण्यातून ही एकच वस्तू आमच्या घरात वाचली, कारण तिला कुणी मोड देत नव्हते. आजीची नऊवारी लुगडी एकावर एक अंथरून आईने धावदोऱ्याने शिवलेली. टाके सुरुवातीला गव्हाएवढे, शेवटी कंटाळून शेंगदाण्याएवढे झालेले. एका कोपऱ्यात काकाने सांडलेल्या काढ्याचा डाग. डिझायनरबाईंनी ती पलंगावर पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले. डाग तसाच ठेवायचा, तो डागच महत्त्वाचा, असे ठरले. दिवाणखान्यात सागवानी चौकट, चार कोपऱ्यांना पितळी स्क्रू, वरून पिवळा झोत. येणारा प्रत्येक जण तिच्यासमोर हात मागे बांधून उभा राहू लागला. आईलाही प्रथम बरे वाटले. आपल्या शिवणाला कुणी लांबून बघत असेल असे तिला कधी वाटले नव्हते. तिच्यासाठी आम्ही नवी रजई आणली.

जानेवारीत पुण्यात थंडी पडली. रात्री दोनच्या सुमारास दिवाणखान्यात खुडबुड ऐकू आली म्हणून उठून पाहिले, तर पिवळा झोत लावलेला, आई स्टुलावर चढलेली आणि हातात माझा स्क्रूड्रायव्हर.

“त्या रजईत नुसताच फुगवटा आहे रे,” ती म्हणाली. “धर हे टोक.”

मी धरले. गोधडी भिंतीवर लावताना स्क्रू फार घट्ट पिळू नयेत.