समुद्रावरचे सोवळे

क्रूझ जहाजावरच्या रात्रीच्या जेवणाचा पोशाख म्हणजे, जेवणाचे पैसे काही महिने आधीच भरून बसलेल्या माणसाने त्या जेवणाला पात्र ठरण्यासाठी करायचा वेश. न्याहारीला ही पात्रता लागत नाही. अर्धी चड्डी आणि रबरी चपला घालून प्रवासी आम्लेटच्या रांगेत उभा राहिला, तर त्याला कोणी हटकत नाही. संध्याकाळचे सहा वाजले की त्याच माणसाचे गुडघे आक्षेपार्ह ठरतात. कुनार्ड कंपनीच्या जहाजांवर ही सहाची वेळ नियमातच लिहिलेली असते; इतरत्र ती जेवणघराच्या दारात कळते.

प्रारंभी असा नियम नव्हता. १८४० साली कुनार्डची ‘ब्रिटानिया’ ही टपालबोट लिव्हरपूलहून अमेरिकेकडे निघाली, तेव्हा दुधासाठी एक गाय बोटीवर घेतलेली होती. अटलांटिकच्या लाटांत गाय आणि प्रवासी या दोघांपुढचा प्रश्न एकच होता : खाल्लेले पोटात राहील कसे. अशा अवस्थेत गळ्याला बो बांधावा, असे कोणी कोणाला सुचवले नाही. पुढे बोटी लांबरुंद झाल्या, हेलकावे कमी झाले, श्रीमंत माणसे हौसेने प्रवास करू लागली आणि त्यांच्या शहरांतल्या हॉटेलांच्या रीतीही त्यांच्यामागोमाग शिडी चढून आल्या. १९०५ सालच्या ‘अमेरिका’ या जर्मन जहाजावर तर रिट्झ हॉटेलच्या नावाचे उपाहारगृहच निघाले. पोट स्थिरावले की माणसाला पोशाख सुचतो.

या पोशाखातला मुख्य जिन्नस म्हणजे पुरुषांचे काळे डिनर जॅकेट, ज्याला अमेरिकेत टक्सिडो म्हणतात. त्याचा जन्म आळसातून झाला. इंग्लंडच्या प्रिन्स ऑफ वेल्सला, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डला, शेपटीचा लांब कोट घालून घरगुती जेवणाला बसणे जाचक वाटे. म्हणून १८६५ मध्ये हेन्री पूल या लंडनच्या शिंप्याने त्याला बिनशेपटीचा आखूड कोट शिवून दिला. १८७५ मध्ये ‘सेरापिस’ या बोटीने हिंदुस्थानच्या दौऱ्यावर येताना राजपुत्राने जहाजावरच्या जेवणासाठीही असाच आखूड कोट पसंत केला. नोव्हेंबरात तो मुंबईत उतरला. त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला आणि त्या जागेला काळा घोडा हे नाव पडले. १९६५ मध्ये पुतळा हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला गेला. २०१७ मध्ये काळ्या घोड्याच्या चौकात नवा घोडा बसवला, पण त्यावर स्वार ठेवला नाही. स्वाराच्या वाट्याला प्राणिसंग्रहालय आले, त्याच्या कोटाची नोकरी मात्र शाबूत राहिली. बसायला सोपा म्हणून शिवलेला हा कोट आज जहाजावर औपचारिकपणाचा कळस मानला जातो. आळसाला दीडशे वर्षे झाली की त्याची परंपरा होते.

मराठी वाचकाला यात परके वाटावे असे काही नाही. घरोघरच्या कर्मठ मंडळींनी जेवणापुरता नेसायचा रेशमी मुकटा किंवा कद असाच जपला होता. तोही वेगळ्या खुंटीवर असे, तोही फक्त पानावर बसताना अंगावर येई, आणि त्यावरूनही कोण कोणत्या पंगतीला बसणार हे ठरत असे. टक्सिडोच्या कॉलरच्या घड्यांवरही रेशमाचीच पट्टी असते. फरक इतकाच, की मुकट्याला इस्त्री लागत नसे आणि तो नेसलेल्याला शिवायला मनाई होती. टक्सिडो घातलेल्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढणे जहाजाच्या उत्पन्नात मोडते.

जहाजावरचे सोवळे वर्गांवर उभे होते. पहिला, दुसरा आणि तिसरा वर्ग यांची जेवणघरे वेगळी, जिने वेगळे, पदार्थ वेगळे. ‘टायटॅनिक’वर पहिल्या वर्गाला जेवणाची वर्दी बिगूल वाजवून दिली जाई. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री जहाज हिमनगावर आदळल्यावर बेंजामिन गुगेनहाइम या अमेरिकी धनिकाने जीवरक्षक जाकीट उतरवून संध्याकाळचा पोशाख चढवला, असे बचावलेल्या एका सेवकाने सांगितले. पोशाखाचा नियम पाळल्याने बुडणे टळत नाही, हे त्या रात्री सिद्ध झाले. कंपन्यांनी त्यातून योग्य तो बोध घेतला : होड्या वाढवल्या आणि नियमही ठेवला.

त्या काळच्या नियमात काही शहाणपणाही होता. प्रवासाच्या पहिल्या आणि शेवटच्या रात्री सजून येण्याची सक्ती नसे, कारण पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या बांधून झालेल्या असत. तांबड्या समुद्रातल्या उकाड्यात कोट काढून नुसता सदरा आणि कमरबंद यांवर जेवायला बसण्याची सवलत ब्रिटिश नौदलात रूढ झाली. तिला ‘रेड सी रिग’ म्हणत. हा कमरबंद इंग्रज अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानात उचलला होता. उकाड्यात वेस्टकोटाऐवजी तो बरा, असे त्यांना आढळले. पुढे तोच कमरबंद थंडगार वातानुकूलित जेवणघरात सक्तीचा अलंकार म्हणून परतला.

१९३५ च्या ‘नॉर्मांदी’ या फ्रेंच जहाजावर या थाटाची परमावधी झाली. तिथले पहिल्या वर्गाचे जेवणघर व्हर्सायच्या आरसेमहालापेक्षा लांब होते. इतक्या लांब दालनात प्रवेश करणाऱ्या बाईला टेबल गाठेपर्यंत सगळ्यांनी पाहणे अपरिहार्य होते, आणि जेवणघराचा उपयोगही मुख्यतः तोच होता. १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमाने सुरू झाली. ज्यांना कुठे पोचायचे होते ते विमानात बसले. ज्यांना कुठेच पोचायचे नव्हते त्यांच्यासाठी क्रूझ निघाल्या. नव्या जहाजांवर वर्गवार जेवणघरे उरली नाहीत. पण गेलेल्या पहिल्या वर्गाचे कपडे सर्वांनी वाटून घ्यावेत, असे ठरले. १९७७ पासून ‘द लव्ह बोट’ या अमेरिकी मालिकेने कॅप्टनसोबतचे जेवण घराघरात दाखवले, आणि ज्यांच्या आजोबांना तिसऱ्या वर्गात सूप मिळाले होते त्यांचे नातू बो बांधायला शिकले.

वर्गही फार दूर गेले नाहीत. ‘क्वीन मेरी २’वर कोणी कुठे जेवायचे हे आजही केबिनवरून ठरते : महागड्या सूटवाल्यांना क्वीन्स ग्रिल आणि प्रिन्सेस ग्रिल, बाकीच्यांना ब्रिटानिया. सजण्याचा हक्क मात्र सर्वांना समान आहे. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क या सात रात्रींच्या प्रवासात साधारणपणे दोन रात्री ‘गाला’ असतात. एखादी काळ्या-पांढऱ्याची असते, एखादी मुखवट्यांची.

आजच्या नियमांची वर्गवारी करणे अवघड आहे, कारण ते कळू नयेत अशा भाषेत लिहिलेले असतात. नॉर्वेजियन कंपनीने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ जाहीर करून औपचारिक रात्रीची सक्तीच काढून टाकली. सेलिब्रिटी कंपनीने २०१५ मध्ये औपचारिक रात्र रद्द करून ‘इव्हिनिंग शिक’ आणली. कार्निव्हलकडे ‘क्रूझ एलिगंट’ आहे. ओशियानियाने ‘कंट्री क्लब कॅज्युअल’ असा वर्ग काढला, म्हणजे पाण्यावर राहून जमिनीवरच्या क्लबाचे सभासद असल्यासारखे दिसणे. बहुतेकांकडे ‘स्मार्ट कॅज्युअल’ असतेच. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की माणसाने सहज आल्यासारखे दिसावे, पण सहज येऊ नये. जुना नियम एका ओळीचा होता आणि बॅगेत एका सूटची जागा खात होता. नवा नियम मोकळा आहे. त्यामुळे बॅगेत ब्लेझर, दोन पँटी, तीन सदरे आणि खबरदारी म्हणून तो सूटही जातो.

पुरुषांसाठी निषिद्ध वस्तूंची यादी मात्र बहुतेक जहाजांवर स्पष्ट असते : अर्धी चड्डी, बिनबाह्यांचे गंजीफ्रॉक, पोहण्याचे कपडे, समुद्रकिनाऱ्यावरच्या चपला, क्रिकेटच्या प्रेक्षकासारखी टोपी, फाटकी जीन्स. जीन्स दुकानातूनच फाटकी आणली असून तिला दुप्पट पैसे पडले, हा बचाव दारावर चालत नाही. बायकांसाठी यादीपेक्षा सूचनाच जास्त असतात. त्यामुळे पुरुषाचे सामान नियमाने वाढते आणि बाईचे शंकेने. उंच टाचा, लांब झगा आणि डोलणारा जिना हे तिन्ही एकत्र आले की नियम पाळणाऱ्यालाच कठडा धरावा लागतो. जेवणघरातला गारवा इतका असतो, की उघड्या खांद्यांच्या झग्यावर शेवटी शाल येते आणि झगा सांगण्यापुरता उरतो.

राष्ट्रीय पोशाखाला मान्यता ही या नियमातली सर्वांत उदार तरतूद. शेरवानी, बंदगळा, साडी यांना कुनार्डसारख्या कडक घरातही औपचारिक पोशाखाचा दर्जा आहे. इतकी उदारता भारतीय क्लबांना परवडत नाही. १९८८ मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबाने अनवाणी आलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेन यांना दारातून परत पाठवले होते. २०१४ मध्ये चेन्नईतल्या एका क्लबाने उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसल्याबद्दल अडवले, तेव्हा तमिळनाडू सरकारला त्याच वर्षी वेष्टीच्या प्रवेशहक्कासाठी कायदा करावा लागला. म्हणजे धोतर नेसून साहेबाच्या बोटीवर जेवता येईल, पण साहेब सोडून गेलेल्या क्लबात जेवायला अधिनियम सोबत न्यावा लागेल. बोटीवर धोतराची परीक्षा वेगळी असते. ती उघड्या डेकवरचा वारा घेतो आणि निकाल जागेवरच लागतो.

पायांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पुरुषांच्या उघड्या बोटांना संध्याकाळी अनेक जहाजांवर मज्जाव असतो. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये पुरुषांच्या पायांत कोल्हापूरचे नाव न घेता कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापुरात संताप झाला. पण जेवणघराच्या दारावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत ती बातमी पोचेपर्यंत बूट घातलेले बरे.

नियमामागचे अर्थशास्त्र सरळ आहे. कडक इस्त्रीचा सदरा अपेक्षित असतो, आणि आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर केबिनमध्ये इस्त्री वापरायला बंदी असते. बंदराच्या तपासणीत सामानातली इस्त्री काढून घेतली जाते. मग सदरा जहाजाच्या लाँड्रीत जातो आणि बिल केबिनच्या खात्यावर चढते. सजलेला प्रवासी जेवणघराकडे निघाला की वाटेत फोटोग्राफर रंगवलेला पडदा लावून उभा असतो. पडद्यावर बहुधा सूर्यास्त असतो, जो डेकवर फुकट दिसतो. दुसऱ्या दिवशी फोटो विकायला लावतात. आपण इतके सजलो होतो याचा पुरावा घरी न्यायलाच हवा, म्हणून तो विकत घेतला जातो. भाड्याने सूट मिळवून देणाऱ्या कंपन्याही आहेत. पोशाखाच्या नियमाचा खर्च जहाजाला शून्य आणि उत्पन्न अनेक बाजूंनी, असा हा व्यवहार आहे.

अंमलबजावणी सौम्य असते, कारण गुन्हेगारानेच पैसे दिलेले असतात. कुठे दारावर उसना कोट मिळतो, कुठे नुसते हसून सोडतात. फार झाले तर वरच्या मजल्यावरच्या बुफेकडे बोट दाखवले जाते. बुफेत वाढप्याची वाट पाहावी लागत नाही, मोठ्या खिडक्यांतून समुद्र दिसतो आणि दुसऱ्यांदा वाढून घेताना कोणाची नजर चुकवावी लागत नाही. ही शिक्षा आहे, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

मुंबईतही आता क्रूझ रुळली आहे. रॉयल कॅरिबियनचे १९९० सालचे ‘नॉर्डिक एम्प्रेस’ हे जहाज २०२१ पासून ‘एम्प्रेस’ या नावाने कॉर्डेलिया या कंपनीसाठी मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपला जाऊ लागले. त्यावर जैन जेवणाचीही सोय आहे, म्हणजे पानातले सोवळे आणि अंगावरचे सोवळे एकाच टेबलावर आले. भारतीय कुटुंबाला ‘फॉर्मल’ समजावून सांगावे लागत नाही. भावाच्या लग्नातले कपडे तो अर्थ पुरा करतात. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या जुन्या कोकण बोटींवर मात्र असा नियम नव्हता, कारण बहुतेकांचे जेवण फडक्यात बांधून घरून आलेले असे. स्वतःची दशमी सोडणाऱ्याला कोणी सूट विचारत नाही.

सारांश असा : पुरुषाने गडद रंगाचा एक सूट किंवा बंदगळा, दोन सदरे आणि पाय झाकणारे बूट न्यावेत. बाईने एक पैठणी आणि एक शाल न्यावी. आजवर निघालेल्या सर्व कंपन्यांच्या सर्व व्याख्यांत पैठणी बसते. ज्यांना सजायची हौस आहे त्यांनी खुशाल सजावे, ज्यांना भूक लागली आहे त्यांनी बुफे गाठावा. इस्त्री मात्र दोघांनीही घरीच ठेवावी.