केंद्राला एक

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये हिशेब घालून दिला: प्राथमिकला 10 विशेष मुलांमागे 1 विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांना 15 मुलांमागे 1. तीन वर्षांनी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने 4860 पदं मंजूर केली. म्हणजे जवळपासच्या शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक. मुलं मोजण्यापेक्षा केंद्रं मोजणं सोपं. ती जागची हलत नाहीत.

आता रत्नागिरीकडचं केंद्र! एक शाळा सड्यावर, दुसरी खाडीपलीकडे, तिसरी अशा वाडीत की एसटी आली तर आली. केंद्राच्या त्या एकट्या विशेष शिक्षकबाईंनी प्रत्येक मुलाला थोडं थोडं शिकवायचं. पावसाळ्यात त्याहून थोडं.

अध्ययन अक्षमतेचा दाखला मात्र चोख. केंद्र सरकारच्या 2018 च्या नियमांत ठरलं होतं: आठव्या वर्षी तपासणी, चौदाव्या वर्षी पुन्हा, अठराव्या वर्षी पुन्हा. अक्षरं तशीच अडतायत ना, खात्री केलेली बरी. पोरगं मध्येच बरं झालं आणि सरकारला कळवलंच नाही तर?

दहावीला बोर्ड अशा मुलांना तासामागे 20 मिनिटं जादा देतं. त्याआधीच्या दहा वर्षांचं काय, हे शिक्षणखात्याला विचारावं. तो विषय बोर्डाच्या अखत्यारीत येत नाही.