बोट कुणाचं, बैठक कुणाची?

4 मार्च आला की कारखान्याकारखान्यांत सुरक्षेला उधाण येतं. गेटवर बॅनर, छातीवर हिरवा बिल्ला, हात पुढे करून सामूहिक शपथ, घोषवाक्य स्पर्धा आणि विजेत्याला स्टीलचा डबा. राष्ट्रीय सुरक्षा परिषद 1966 साली याच तारखेला स्थापन झाली, म्हणून हा मुहूर्त. 10 तारखेला सुरक्षा सप्ताह संपतो. 11 तारखेला बॅनर उतरतो आणि प्रेस शॉपमधलं टार्गेट चढतं.

पॉवर प्रेसचंच घ्या. वरची डाय टनांच्या जोराने खाली येते आणि पत्र्याचा पार्ट होतो. बोट मध्ये राहिलं तर बोटाचाही होतो. म्हणून मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस हलायचीच नाही. साधी, स्वस्त, डोकेबाज युक्ती. तरीही त्यातलं एक बटण पाचर मारून किंवा रबर गुंडाळून कायमचं दाबून ठेवलेलं सापडतं. सुपरवायझरला ते दिसत असतं, पण पीस निघत असतात. अपघात झाला की अहवालात ठरलेली ओळ : ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. उपाय : प्रशिक्षण. म्हणजे ज्याचं बोट गेलं, त्यालाच बोटांचं महत्त्व स्लाइडवर दाखवायचं!

पाचर का मारली, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर तयार असतं. बटणं खांद्याच्या उंचीला बसवलीत, प्रत्येक पीसला हात वर न्यावे लागतात, जेवणाच्या सुट्टीपर्यंत खांदे भरून येतात. बिन जमिनीवर आहे, दर वेळी कमरेतून वाकावं लागतं. एवढं करून तासाचा आकडा गाठायचा तर एक हात मोकळा हवा. बटणं वीतभर खाली घ्या, भंगारातल्या अँगलचा स्टँड करून बिन त्यावर ठेवा, टार्गेट माणसाच्या गतीला धरून लावा. पाचरीचं निम्मं कारण तिथेच संपतं.

यालाच कॉन्फरन्स रूममध्ये अर्गोनॉमिक्स म्हणतात आणि त्यासाठी बाहेरून सल्लागार येतो. तो कामगाराचे फोटो काढतो, पाठीचा कोन मोजतो, रंगीत तक्ता देतो. त्यातलं निम्मं ऑपरेटरने चहाच्या टपरीवर फुकट सांगितलं असतं. पण ऑपरेटरकडे लेटरहेड नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरं. बिल मात्र भलताच लावतो.

कामगाराचं न ऐकण्याची किंमत या देशाने एकदा मोजली आहे. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळच्या कारखान्यात कामगारांचे डोळे चुरचुरायला लागले. गळती आहे, असं त्यांनी वर कळवलं. चहानंतर बघू, असं ठरलं. पुढचं सगळ्या जगाला ठाऊक आहे. त्या धड्यानंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात नवी कलमं आली. 41-जी म्हणालं : धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात सुरक्षा समिती हवी आणि तीत कामगार व व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समसमान हवेत. 41-एचने कामगाराला हक्क दिला : जिवाला धोका दिसला तर इशारा द्या, व्यवस्थापनाने ताबडतोब हालचाल करावी. 2020 च्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेतही समितीची तरतूद आहे आणि तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत.

कागदावर समसमान. प्रत्यक्षात कामगार प्रतिनिधी कोण? एचआरला ‘समजूतदार’ वाटणारा. इतिवृत्त बैठकीआधीच टाइप झालेलं असतं. समोसा खायचा, सही ठोकायची. प्रेसवर उभा असलेला पोरगा कंत्राटी. त्याला ना खुर्ची, ना आवाज. फार बोललास तर उद्या गेटवर कार्ड चालणार नाही, हे त्याला नीट समजावलेलं असतं. ‘इतके दिवस शून्य अपघात’ हा फलक दारात झळकतो आणि आकडा मोडू नये म्हणून लहानसहान जखमा रुमालात गुंडाळून घरी जातात. सूचनापेटी आहे, कुलूपही आहे. किल्ली कुणाकडे, ते विचारू नका.

व्यवस्थापनाने पोस्टरचे पैसे वाचवावेत आणि तीन कामं करावीत. समितीत मशीनवरचा माणूस घ्या, कंत्राटी असला तरी. नवं मशीन, नवा जिग किंवा नवं टेबल घेण्याआधी त्याला त्यासमोर उभं करा. आणि त्याने काही सुचवलं तर पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. नकार असेल तर कारणासकट नकार द्या. एवढं जमत नसेल तर यंदा 4 मार्चला शपथ कामगारांना देऊ नका, साहेबांनी घ्यावी. बटणाची उंची ठरवतात ते.