अमावास्येचे आप्पा

लोणीत अमावास्येच्या रात्री लाइट गेली की लोक डीपीकडे बघत नाहीत, आप्पांच्या खळ्याकडे बघतात. आप्पा वायरमनच्या नोकरीतून निवृत्त झाले त्याला काही वर्षं झाली; पक्कड, हातमोजे सगळं त्यांनी खात्यात जमा केलं, पण त्यांच्यावरचा संशय काही निवृत्त व्हायला तयार नाही. थंडीचे दिवस, आभाळ निरभ्र, वारा नाही, मग नेमका अवसेलाच डीपीवरचा डीओ फ्यूज कसा पडतो, हा प्रश्न पारावर दर हिवाळ्यात निघतो. "माझ्या हातानं मी उभ्या जन्मात कुणाचा दिवा घालवला नाही," एवढंच आप्पा म्हणतात. यातल्या 'हातानं'वर ते जरा जास्त जोर देतात, असं आमच्या पोलीस पाटलांचं मत आहे.

आप्पा दुर्बिणीतून आकाश बघतात म्हटल्यावर नव्या माणसाला वाटतं, चंद्रावरचे खड्डे, शनीची कडी, गुरूचे चंद्र. आप्पांसमोर हे बोलायचं नाही. शनी-गुरू ते पाहुण्यांच्या पोरांना दाखवतात, तेही पोरं रडायला लागली तर. त्यांचा जीव अडकलाय तो दीर्घिका, तेजोमेघ आणि तारकागुच्छांत. म्हणजे जे डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही अशा सगळ्यात. आणि चंद्र हा तर त्यांचा उघड वैरी. चंद्र उगवला की आभाळ पांढरं पडतं आणि आप्पांची गिऱ्हाइकं विझतात. कोजागिरीला सगळी आळी दूध आटवत बसते, तेव्हा आप्पा घरात भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. "लग्नात मला चंद्रावरून उखाणा घ्यायला लावला होता यांनी," काकू म्हणतात, "आता चंद्राचं नाव काढलं तर जेवत नाहीत."

हे खूळ लागलं १९८६ साली. आप्पा नुकतेच कामावर चिकटले होते आणि हॅलेचा धूमकेतू आला होता. एप्रिलात तो दक्षिणेला नरतुरंगाच्या भागात दिसेल असं पेपरात छापून आलं. रात्रपाळीत फॉल्ट काढून परतताना आप्पांनी माळावर सायकल थांबवली, दक्षिणेकडे पाहिलं, तर खरोखरच एक धुरकट तारा! त्यांनी तो साहेबाला दाखवला, आईला दाखवला, मारुतीच्या देवळात जमलेल्या भजनी मंडळाला दाखवला. लोकांनी हात जोडले. चार-पाच रात्री गेल्या तरी धूमकेतू जागचा हलेना, तेव्हा कुठे आप्पांना शंका आली. मग पुण्याला जाऊन त्यांनी ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या कुणा जाणकाराला गाठलं. ही संस्था १९४४ पासूनची, हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी. तिथे असले धूमकेतू घेऊन येणारे आप्पा काही पहिले नसणार. कळलं ते असं, की आप्पांनी अख्ख्या भजनी मंडळाला नमस्कार करायला लावला तो धूमकेतू नव्हताच, ओमेगा सेंटॉरी नावाचा तारकागुच्छ होता. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं दूर, आत एक कोटीच्या आसपास तारे.

दुसरा कोणी असता तर त्यानं आभाळाकडे बघणं सोडलं असतं. पण त्याच जाणकारानं आप्पांना शार्ल मेसिए या फ्रेंच माणसाची गोष्ट सांगितली. हा पॅरिसात बसून धूमकेतू शोधायचा. १७५८ मध्ये वृषभ राशीत एका धुरकट ठिपक्यानं त्याला असंच फसवलं. वैतागून त्यानं अशा सगळ्या फसव्या ठिपक्यांची यादीच करायला घेतली. आज त्या यादीत ११० नग धरतात. गंमत अशी, की मेसिएचे धूमकेतू आता फारसे कुणाला आठवत नाहीत आणि टाळण्यासाठी केलेली ती यादी जगभरचे हौशी लोक रात्र-रात्र जागून पुरी करत असतात. आप्पांनी त्याच दिवशी मेसिएला भाऊबंद मानलं. आणि भाऊबंद म्हटला की बांधावरून भांडण आलंच. ते पुढे सांगतो.

दुर्बीण आप्पांनी स्वतः बनवली. सहा इंची काच आणून, तिच्याखाली दुसरी काच ठेवून, मधे कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून घासायची. एक आवर्तन, मग पाव वळसा, पुन्हा आवर्तन. वरची काच हळूहळू खोलगट होत जाते. काकूंनी तो खर्रखर्र आवाज दोन पावसाळे ऐकला. शेवटी सिरियम ऑक्साइडनं झिलई देऊन आरसा पुण्याहून ॲल्युमिनियमचा मुलामा चढवून आणला. नळीला वापरलाय शेतीच्या पाइपलाइनचा आठ इंची पाइप. आमच्या पूर्व भागात पाणी येणार, येणार म्हणून ज्यांनी ज्यांनी पाइप घेऊन ठेवले, त्यांत आप्पाही होते. पाणी यायचं राहिलं, पाइप मात्र वाया गेला नाही. बैठक म्हणजे केबलच्या लाकडी ड्रमची एक बाजू. तिच्यावर दुर्बीण गरागरा फिरते. या साध्या बैठकीचा जनक जॉन डॉब्सन. हा सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात १९४४ साली संन्यासी झाला, भंगारातून दुर्बिणी करून लोकांना ग्रह-तारे दाखवत हिंडायचा, आणि १९६७ मध्ये मठानं त्याला बाहेर काढलं. आप्पा ही हकीकत फार अभिमानानं सांगतात. काकूंचा शेरा ठरलेला: "बघा, मठानंसुद्धा ठेवून घेतला नाही. मीच आहे म्हणून."

"आपल्या भागात तीन वेधशाळा आहेत," हे आप्पांचं आवडतं वाक्य. एक आपल्याच आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर, पुण्याच्या आयुका संस्थेची, दोन मीटर आरशाची. दुसरी जुन्नर तालुक्यात खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. तिसरी लोणीला, सहा इंची. खोडदला २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मोठी गर्दी होते, आप्पाही दरसाल जातात, आणि दरसाल तीच तक्रार घेऊन परततात: "एवढी थोरली दुर्बीण, पण डोळा लावायचा कुठं?" रेडिओ लहरी, संगणक, आलेख हे सगळं त्यांना समजतं, मानवत नाही. त्यातून त्या तबकड्यांना ना चंद्राची अडचण, ना ढगांची, ना दिवसाची. ही तर निव्वळ असूया. मात्र पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग खोडदच्या दुर्बिणीपायी बदलायचं निघालं, तेव्हा सगळ्या पट्ट्यात राग होता आणि तो काढायला हाताशी लोणीत एकच दुर्बीणवाला होता. "त्या खोडदवाल्यांनी रेल्वे घालवली, हे आमची वीज घालवत्यात," असं एकानं तोंडावर सुनावलं. आप्पा म्हणाले, "रेल्वेचे दिवे केवढे असतात, माहितीये का?"

पौषातल्या अवसेला आप्पांच्या खळ्यात आमंत्रण असतं. नियम कडक. मोबाइल चुलीपाशी ठेवून यायचा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो, तो गप्प बसून काढायचा. बॅटरी फक्त आप्पांची, तिला तांबडा जिलेटीन कागद लावलेला. मग ते देवयानीतली दीर्घिका लावतात आणि एकेकाला बोलावतात. आणि इथेच गावाची परीक्षा होते.

बहुतेक जण डोळा टेकवायच्या आधीच "दिसलं!" म्हणतात. सोसायटीचे चेअरमन तर वाकून म्हणाले, "वा! काय ते रंग!" आप्पांनी त्यांना हळूच बाजूला घेतलं. इतक्या मंद उजेडात माणसाच्या डोळ्याला रंग कळतच नाही; रंग असतो तो फोटोत. जो रंगाचं कौतुक करतो तो मोबाइलमधलं सांगतोय, हे आप्पांचं पक्कं गणित. उलट जो बराच वेळ डोळा लावून शेवटी ओशाळून म्हणतो, "आप्पा, मला काहीच दिसंना," त्याच्यावर ते खूष. कारण त्यानं निदान बघितलं. अशा माणसाला ते शेजारी बसवून युक्ती सांगतात: "सरळ बघू नको. बाजूला बघ आणि लक्ष मधी ठेव." डोळ्याच्या मधल्या भागाला अंधारात फारसं दिसत नाही, कडेच्या पेशी जास्त तेज, म्हणून ही तिरपी नजर. चेअरमनना ती चटकन जमली, यावर पारावर बरीच चर्चा झाली.

खरं उत्तर दिलं ते शेजारच्या आजींनी. मोतीबिंदू काढलेला, कंबरेत वाकलेल्या, त्यामुळे दुर्बिणीच्या भोकाशी त्यांचा डोळा आयताच आला. कितीतरी वेळ त्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काळ्या घोंगडीवर पीठ सांडलंय. कुणीतरी झटकलंय, पण नीट झटकलं न्हाई."

आप्पा हरखून गेले. "आजी, ते पीठ पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांब आहे. हा उजेड तिथनं निघाला तेव्हा लोणी नव्हती, वीज नव्हती, बिल नव्हतं."

"बिल न्हवतं ते बरं होतं," आजी म्हणाल्या. त्यांना बक्षीस म्हणून मृगातला तेजोमेघ दाखवण्यात आला. तो सगळ्यांनाच दिसतो, म्हणून आप्पा तो फार जपून काढतात.

बाकी रात्र आप्पा एकटेच. उजेड अडवायला डोक्यावरून घोंगडी, हातात तांबडी बॅटरी, तोंडानं पुटपुटणं चालू. मंचरहून उशिरा मोटारसायकलवर परतणाऱ्या एका तरुणानं अवसेला बारा वाजता हे दृश्य रस्त्यावरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईनं उतारा टाकला, तो नेमका आप्पांच्याच खळ्याच्या कोपऱ्यावर. त्यातला नारळ बरा निघाला, असं आप्पा सांगतात.

त्यांची पत वाढली ती २०२४ च्या पावसाळ्यात. आंबेगाव, जुन्नर, शिरूर, सगळीकडे रात्री ड्रोन फिरतायत म्हणून हवा झाली होती, गावोगाव काठ्या घेऊन गस्ती. आमच्या गस्तीवाल्यांनी एका रात्री ढगांतून लुकलुकणारा प्रकाश धरला आणि आप्पांना उठवून आणलं. आप्पांनी एकदा वर पाहिलं. "हा ड्रोन नाही, अभिजित आहे."

"कुणाचा पोरगा?" गस्तीवाल्यांनी काठ्या सरसावल्या.

खरी लढाई झाली ग्रामसभेत. चौकात हायमास्ट बसवायचा ठराव होता. आमदार निधीतून मिळणाऱ्या हायमास्टला विरोध करणारा माणूस लोणीनं तोवर पाहिला नव्हता. आप्पा उठले. त्यांचं म्हणणं, दिवा जरूर लावा, पण वर टोपी घालून खाली तोंड करा. उजेड रस्त्यावर पडू दे, आभाळाला कशाला बिल भरायचं? वायरमन बोलतोय म्हटल्यावर सभा जरा ऐकायला लागली. तेवढ्यात कुणीतरी बिबट्याचं काढलं. बिबट्यापुढे आमच्याकडे कुणाचंच काही चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. ज्यांच्या घरात शाळेची पोरं आहेत त्यांना दीर्घिकेचं काय सांगणार. आप्पांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं: "पेंचचं जंगल आपल्याच राज्यातलं. जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं ते. तिथं तर वाघ आहेत! आसपासच्या गावांतले दिवे असेच खाली तोंड करून बसवलेत."

"तिथला वाघ जंगलात असतो, आप्पा," एक बाई मागून म्हणाल्या. "आपला बिबट्या शाळेच्या मागं."

हायमास्ट झाला. टोपीचं इतिवृत्तात लिहून घेतलंय. आप्पांच्या मते निम्मा विजय. माझ्या मते त्या वहीत असे पुष्कळ विजय पडून आहेत.

वहीवरून आठवलं. आप्पांची निरीक्षणं नोकरीतल्या जुन्या, कोऱ्या राहिलेल्या तक्रार रजिस्टरात आहेत. रकाने छापीलच: वेळ, ठिकाण, तक्रारीचं स्वरूप, बिघाडाचं कारण, शेरा. ठिकाण 'शामशबल, एम-५१'. तक्रारीचं स्वरूप 'दिसत नाही'. बिघाडाचं कारण 'चेअरमनच्या गोठ्यातला बल्ब'. अशी पानंच्या पानं आहेत.

पहाटे पाचला आप्पा दुर्बीण दक्षिणेला वळवतात. ओमेगा सेंटॉरी त्या वेळी क्षितिजाच्या वर वीस-बावीस अंशांवर आलेला असतो. बांधाचं भांडण ते हेच. मेसिएच्या ११० नगांत आकाशातला हा सर्वांत थोरला गोलाकार गुच्छ नाही, कारण पॅरिसहून तो कधी उगवतच नाही. "यादी केली, पण सातबारा अर्धाच," आप्पा म्हणतात. "आपल्या लोणीत ये म्हणावं, माळावर उभा राहा, नुसत्या डोळ्यांनी दिसतो." आपल्या रजिस्टरात त्यांनी तो १११ वा म्हणून नोंदवलाय.

यंदा पौषात त्या वेळी दारं धरायला निघालेला एक कांदेवाला खळ्यात डोकावला. "बॅटरी खाली!" आप्पा ओरडले. मग प्रेमानं जवळ बोलावून त्याला गुच्छ दाखवला. तो खांद्यावरचं खोरं न काढता वाकला.

"किती आहेत म्हणालात?"

"एक कोटी."

"मोजले कुणी?"

"मोजायचे नसतात. थोडा भाग बघायचा, उजेड किती, वजन किती, त्यावरनं हिशेब बांधायचा."

"म्हणजे नजर पैसेवारीच की!" तो सरळ झाला. "मघाशी काकू म्हणत होत्या, रात्री काय ते देवयानी दाखवलं, निम्म्या गावाला दिसलंच नाही. त्याची पैसेवारी पन्नासच्या आत धरा आणि दुष्काळ जाहीर करून टाका."

तो खोरं सावरत पाण्याकडे गेला. आप्पांनी तांबड्या उजेडात रजिस्टर उघडलं आणि देवयानीपुढच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'पैसेवारी ५० च्या आत. पंचनामा बाकी.'