दोन स्क्रूंचं घराणं

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961पासून ‘जावा’ बनू लागली. 1973च्या सुमारास त्याच कारखान्याने टाकीवर ‘येझदी’ लिहायला सुरुवात केली. किक आणि गिअरची दांडी एकच, धूरही तोच. तरीही 1978च्या येझदीचा मालक मनातून खट्टूच असतो. गाडी चालते हो, पण खानदान नाही!

खानदानाची सोय कुपवाडला आहे. एमआयडीसीत ओतकामापासून बफिंगपर्यंत सगळं होतं, मग टाकीवरच्या दोन बिल्ल्यांचं काय घेऊन बसलात? येझदीचे बिल्ले उतरवायचे, जावाचे बसवायचे, की गाडीचं वय एका दुपारीत आठ-दहा वर्षांनी वाढतं. अडचण एकच. नवा बिल्ला नव्यासारखा चकाकतो. म्हणून बफिंगचे पैसे देऊन चमकवलेला बिल्ला घरी आणून पॉलिश पेपरने घासायचा. जुनेपणाची मजुरी वेगळी.

बरं, बिल्ल्याच्या स्क्रूंची भोकं जुळत नाहीत. मग ड्रिल. टाकीत पेट्रोल आहे का, हे मागून आठवतं.

सरकार मात्र अरसिक. 2021च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी. वीस हजार भरा, ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर घ्या, आणि रोज वापरू नका. आरटीओ टाकी बघत नाही, आरसी बुक बघतं. तिथे येझदीच.

मालकाला त्याची फिकीर नाही. आरसी बुकालाही कुणी नवा बिल्ला लावून देतं का, याची चौकशी सध्या चालू आहे.