निष्ठावंत विमानप्रवाशांसाठी सुबोध मार्गदर्शिका

विमान कंपनीशी एकनिष्ठ राहायचं तर सर्वांत आधी दुसऱ्याच्या पैशाने फिरण्याची सोय हवी. ही अट कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. पण १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडव्हान्टेज’ ही योजना काढली, तेव्हापासून सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे. तिकिटाचे पैसे भरतं ऑफिस, विमानात बसतो कर्मचारी आणि पॉइंट जमा होतात कर्मचाऱ्याच्या खात्यात. त्यामुळे पुण्याहून दिल्लीला जाणारं स्वस्त विमान समोर दिसत असताना साहेबांना नेमकं महागडंच ‘मीटिंगच्या वेळेला सोयीचं’ का वाटतं, हे अकाउंट्सवाल्यांना उमगत नाही. उमगलं तरी बोलता येत नाही, कारण त्यांच्या साहेबांचंही कार्ड गोल्ड असतं.

तेव्हा उमेदवाराने प्रथम स्वतःला विचारावं, माझं तिकीट कोण काढतं? उत्तर ‘ऑफिस’ असेल तर पुढे वाचावं. ‘मीच, पदरच्या पैशाने’ असं असेल तर त्या दिवशीचं सर्वांत स्वस्त तिकीट काढून मोकळं व्हावं आणि उरलेला मजकूर करमणूक म्हणून वाचावा.

पात्रता सिद्ध झाली की कंपनी निवडायची. जाणकार इथे लाउंज, जेवण, सीटची रुंदी वगैरे तपासायला सांगतात. आपल्याकडची पहिली तपासणी वेगळी आहे : आपले पॉइंट वापरून होईपर्यंत कंपनी जगेल का? किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली आणि ‘किंग क्लब’च्या सभासदांची निष्ठा हवेतच राहिली. जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ रोजी उड्डाणं थांबवली, पण तिथे वेगळाच चमत्कार घडला. ‘जेटप्रिव्हिलेज’ ही योजना एका स्वतंत्र कंपनीच्या नावावर होती आणि तिच्यात मोठा वाटा अबू धाबीच्या एतिहादचा होता. त्यामुळे विमानं गेली, वैमानिक गेले, हवाई सुंदरी पगारासाठी रस्त्यावर उतरल्या, आणि माइल्स तेवढे शाबूत राहिले. त्याच वर्षी त्यांचं नाव ‘इंटरमाइल्स’ झालं. आत्मा अमर असतो याचा याहून खणखणीत पुरावा नागरी विमान वाहतूक क्षेत्रात दुसरा नाही.

विस्ताराच्या निष्ठावंतांचं मरण मात्र सुखाचं झालं. २०१५ च्या जानेवारीत उडू लागलेली ही कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, ‘क्लब विस्तारा’चे पॉइंट एअर इंडियाच्या खात्यात वळते झाले आणि त्या योजनेला ‘महाराजा क्लब’ असं नाव मिळालं. महाराजा म्हणजे १९४६ मध्ये बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि उमेश राव यांच्या कुंचल्यातून मुंबईत उतरलेला तोच, मिशीवाला आणि कमरेत वाकलेला. आयुष्यभर तो प्रवाशांपुढे वाकत आला. आता त्याच्या क्लबात वरची पायरी मिळावी म्हणून प्रवासी वाकतात.

राहता राहिली इंडिगो. देशातली सर्वांत मोठी विमान कंपनी, २००६ पासून उडते आहे. सोबतीचं क्रेडिट कार्ड सोडलं तर नित्याच्या प्रवाशांसाठी तिची अशी योजनाच नव्हती. ‘ब्लूचिप’ आली ती २०२४ मध्ये. म्हणजे मधली सगळी वर्षं लोक तिच्या विमानात निव्वळ ते वेळेवर सुटतं आणि आपल्या गावाहून सुटतं एवढ्याच क्षुद्र कारणासाठी बसत होते. निष्ठाशास्त्राच्या अभ्यासकांनी या कालखंडाकडे दुर्लक्ष करावं, नाहीतर शास्त्रच मोडीत निघेल.

ज्यांचा मुलगा न्यू जर्सीत किंवा मुलगी फ्रँकफर्टला आहे त्यांनी कंपनीच्या मागे न लागता तिची सोयरीक कोणाशी आहे ते पाहावं. एअर इंडिया २०१४ पासून ‘स्टार अलायन्स’मध्ये आहे. त्यामुळे लुफ्तान्सा, युनायटेड किंवा सिंगापूर एअरलाइन्सने प्रवास करून पॉइंट एअर इंडियाच्या खात्यात टाकता येतात, किंवा उलटही. मात्र किती टाकता येतात ते तिकिटावरच्या एका इंग्रजी अक्षरावर ठरतं. त्याला बुकिंग क्लास म्हणतात. सर्वांत स्वस्त तिकिटावर जे अक्षर असतं त्याला बहुधा जेमतेम पॉइंट मिळतात, कधी शून्य. एमिरेट्स कुठल्याच अलायन्समध्ये नाही. कतार एअरवेज ‘वनवर्ल्ड’मध्ये आहे आणि ब्रिटिश एअरवेजप्रमाणेच ‘एव्हिऑस’ नावाचं चलन वापरते. आईबाबांना दुबईमार्गे पाठवायचं की दोहामार्गे, हा प्रश्न यापुढे व्हीलचेअर कुठे पटकन मिळते यावर न सोडवता एव्हिऑसवर सोडवावा. आईबाबा काय, कुठूनही पोहोचतातच.

आता गणित. यात भावनेला जागा नाही. समजा, मुंबई–बंगळुरू तिकीट ७,२०० रुपयांना आहे. तेच पॉइंटांवर घेतलं तर ९,००० पॉइंट आणि वर कर, शुल्क वगैरे १,२०० रुपये. म्हणजे वाचले ६,०००. त्याला ९,००० ने भागलं की एका पॉइंटची किंमत निघते साधारण ६७ पैसे. हे भागाकाराचं काम प्रत्येक तिकिटाआधी करावं, कारण पुढच्या शुक्रवारी त्याच तिकिटाला १४,००० पॉइंट लागू शकतात आणि दिवाळीच्या आठवड्यात तर विचारूच नये. आपण साठवतो ते चलन छापणारी, त्याचा भाव ठरवणारी आणि तो भाव रात्रीतून बदलणारी संस्था एकच आहे. रिझर्व्ह बँकेलाही एवढी मोकळीक नाही. युरोपला जाणाऱ्या काही कंपन्यांच्या ‘फुकट’ तिकिटावर कर आणि कॅरियर चार्ज मिळून एवढी रक्कम भरावी लागते, की पैसे देऊन तिकीट काढणारा शेजारी आपल्याकडे सहानुभूतीने पाहतो.

पूर्वी मैल उडाल की मैल मिळत, नावाप्रमाणे. डेल्टाने २०१५ मध्ये आणि अमेरिकनने २०१६ मध्ये हिशेब बदलला : किती लांब उडालात याला महत्त्व नाही, किती पैसे मोजलेत याला आहे. एअर इंडियानेही २०२४ मध्ये तोच मार्ग धरला. तीन महिने आधी शोधून, घासाघीस करून, मध्यरात्रीचं विमान पकडून जाणाऱ्याला यात चिमूटभर पॉइंट मिळतात आणि आदल्या रात्री सेक्रेटरीला सांगून तिकीट काढणाऱ्याला मूठभर. पात्रतेची अट पहिल्याच परिच्छेदात दिली होती ती उगाच नव्हे.

पॉइंटांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पायरी. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. खरा मराठी माणूस फुकट तिकिटाला भुलत नाही, तो भुलतो आधी नाव पुकारलं जाण्याला. गेटवर घोषणा होते, ‘गोल्ड आणि प्लॅटिनम सभासदांनी पुढे यावं’. तोवर विमानातले सगळे प्रवासी रांगेत उभे असतातच. गोल्ड सभासद बॅग ओढत, ‘जरा… जरा’ करत, दोनशे डोळ्यांमधून वाट काढतो. पुढे एरोब्रिज असेल तर ठीक. बसने जायचं असेल तर खरी परीक्षा. तो बसमध्ये पहिला चढतो, म्हणून ढकलला जाऊन पलीकडच्या बंद दाराला चिकटतो. मागून बस भरते. कोणाची लॅपटॉप बॅग बरगडीत, कोणाचं हॅवरसॅक नाकाशी, अशा अवस्थेत तो कडीला लटकून दहा मिनिटं उभा राहतो. मग बस विमानापाशी थांबते, दार उघडतं ते अलीकडचं, आणि सर्वांत शेवटी चढलेला, कुठल्याही क्लबाचा सभासद नसलेला इसम सर्वांत आधी जिना चढून गोल्ड सभासदाच्या डोक्यावरच्या कप्प्यात आपली ट्रॉली कोंबतो. अनुभवी निष्ठावंत बसच्या वेळी कार्ड खिशातच ठेवतात.

लाउंजबद्दल थोडक्यात : कार्डावरून दोन रुपये कापून आत सोडायची सोय बँकांनी केली तेव्हापासून बाहेर रांग असते आणि आत उपमा संपलेला असतो. बँकाही आता शहाण्या झाल्या आहेत, आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच आत सोडतात.

एकदा पायरी मिळाली की ‘स्टेटस मॅच’चा विचार करावा. एका कंपनीचं गोल्ड कार्ड दुसरीला दाखवायचं आणि म्हणायचं, तिथे माझी घुसमट होते आहे, तुमच्याकडे तेच पद मिळालं तर येतो. समोरची कंपनी बहुतेक वेळा आनंदाने देते, पण काही महिन्यांसाठी. तेवढ्यात ठरावीक फेऱ्या करून दाखवल्या नाहीत तर पद जातं. महाराष्ट्रातल्या वाचकाला यातलं काहीही समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच, की इथे ‘मी मूळचाच निष्ठावंत’ असं पत्रकार परिषदेत सांगावं लागत नाही.

ज्यांना शिखर गाठायचं आहे त्यांच्यापुढे दोन आदर्श आहेत. पहिला कॅलिफोर्नियातला डेव्हिड फिलिप्स हा अभियंता. १९९९ मध्ये एका खाद्यपदार्थ कंपनीने वेष्टनावरच्या बारकोडांच्या बदल्यात माइल्स देऊ केले. त्याने हिशेब मांडला, आणि दुकानं पालथी घालून पंचवीस सेंटवाल्या पुडिंगचे बारा हजारांहून जास्त कप विकत घेतले. बारकोड सोलायला धर्मादाय संस्थेचे स्वयंसेवक बोलावले, पुडिंग त्यांनाच दान केलं, दानावर करात सवलत मिळवली आणि खात्यात बारा लाखांवर माइल्स जमा केले. दान, पुण्य आणि करसवलत एकाच व्यवहारात साधणारा हा गृहस्थ आपल्याकडे जन्मला असता तर सहकारमंत्री झाला असता.

दुसरा आदर्श सावधगिरीचा आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्येच अडीच लाख डॉलर एकरकमी घेऊन जन्मभर कितीही, कुठेही, तेही फर्स्ट क्लासने फिरायचा पास विकायला काढला. आपल्या एसटीचं ‘आवडेल तेथे प्रवास’, फक्त चार-सात दिवसांऐवजी तहहयात. शिकागोच्या स्टीव्हन रॉथस्टीन यांनी १९८७ मध्ये तो घेतला आणि शब्दशः अमलात आणला. दहा हजारांहून अधिक उड्डाणं केली. २००८ मध्ये कंपनीने नियमभंगाचा ठपका ठेवून त्यांचा पास रद्द केला आणि प्रकरण कोर्टात गेलं. विमान कंपनीला निष्ठा हवी असते, पण बेताची.

आपण जमवलेले माइल्स कोणाचे, असा भाबडा प्रश्न कोणी विचारलाच तर २०२० च्या जूनकडे बोट दाखवावं. करोनात विमानं उभी होती तेव्हा युनायटेडने ‘मायलेजप्लस’ ही योजना तारण ठेवून पाच अब्ज डॉलरचं कर्ज उभारायचं जाहीर केलं. योजनेचं मूल्य धरलं सुमारे बावीस अब्ज, आणि शेअर बाजारात अख्ख्या कंपनीची किंमत तेव्हा त्याहून कमी होती. बँका क्रेडिट कार्डधारकांना वाटण्यासाठी माइल्स विकत घेतात, तो पैसा विमान उडो न उडो येत राहतो. विमानं हा जोडधंदा आहे.

म्हणून साठवू नये, खर्चावेत. सिंगापूरच्या क्रिसफ्लायरमध्ये माइल तीन वर्षांत मरतो. डेल्टाचे माइल्स मरत नाहीत, पण तिकिटाला किती लागतील याचा तक्ताच कंपनी छापत नाही, त्यामुळे जिवंत राहून करणार काय हा प्रश्न उरतो. निवृत्तीनंतर जगप्रवासाला वापरू, असं म्हणणाऱ्यांनी नियमावलीचं ‘सभासदाचा मृत्यू’ हे कलम आजच काढून वाचावं. अनेक योजनांमध्ये माइल्स ही सभासदाची मालमत्ता नसतेच, तेव्हा त्यांचा वारसा मागण्याचा हक्कही नसतो. द्यायचे की नाही ते कंपनीच्या मर्जीवर. मृत्युपत्रात फ्लॅट, सोनं, गावची जमीन लिहावी, माइल्स लिहू नयेत. पासवर्ड बायकोला सांगून ठेवावा, आणि तिने या मे महिन्यातच दोन तिकिटं काढली तर खात्याचा ईमेल पाहून दचकू नये.